तीस पोत्यांचं पाणी

मार्केट यार्डात वजनकाट्यावर माझी सव्वीस वर्षं गेली.
भरलेली गाडी, वजा रिकामी गाडी,
उरतो तो माल.
पाणी मात्र मी कधी तोललं नव्हतं.

परवा रात्री जुन्या पावतीच्या पाठीवर तोललं:
लांबी सात फूट, रुंदी अडीच,
उंची अडीच, पैकी वरचे दोन इंच मोकळे,
म्हणजे अकराशे छप्पन्न लिटर.
काच, वाळू, दगड, लोखंड धरून दीड टन.
हेमलताला टन कळत नाही असं नाही,
तरी मी म्हणालो, तीस पोती हळद.
ती म्हणाली, हॉलमध्ये?

नेमिनाथ मगदूम काचवाले
एकोणीस मिलिमीटरच्या खाली बोलायला तयार नाहीत.
कडा घासून देतो, सिलिकॉन सात दिवस वाळू द्या, घाई नको.
मग चष्मा पुसत:
"काच देतो. आत काय ठेवणार ते मला सांगू नका."
मी सांगितलं नाही.
त्यांनी बिलावर लिहिलं, शोकेससाठी.

कुपवाडला इलाही मुजावरच्या शेडमध्ये
ठिणग्या चुकवत स्टँड ठरवला.
"तीन फूट उंच करू, साहेब. खुर्चीत बसलं की मासा डोळ्यासमोर पाहिजे,
नाहीतर पैसे कशाला घालवायचे?"
दोन इंची चौकोनी पाइप, आठ पाय,
खाली रबर, वर प्लाय, प्लायवर थर्माकोल.
"तळाला एक खडा राहिला की काच संपली."
एक खडा.
दीड टनाला.

लाइट गेली तर पंपाला इन्व्हर्टर.
फिल्टरची टाकी खाली, कपाटात.
वाळू हरिपूरची नको, विकतची, सात पाण्यांनी धुतलेली.
मासे कुठले, यावर मी रोज नवा.
सोमवारी एंजल, गुरुवारी ऑस्कर,
आणि यादीच्या तळाशी, पेन्सिलनं, एक चिलापी.
तिला कुणी पाळत नाही. तिचं कालवण करतात.

त्या वर्षी आठव्या दिवशी आम्ही शाळेतून घरी परतलो,
दार फुगलेलं, फ्रीज आडवा,
आणि मोरीतल्या बादलीत
बोटाएवढी चिलापी, जिवंत.
गाळ उपसायचा सोडून हेमलता
बादली घेऊन घाटापर्यंत चालत गेली.
येऊन म्हणाली, गेली.
पुढे त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

तेव्हापासून आमच्या घरात फूट म्हणजे
आयर्विन पुलाचे फूट.
किती फूट? चाळीस. आता किती? त्रेचाळीस, अजून चढतंय.
आता मी टेप घेऊन हॉलमध्ये फिरतो
आणि ती स्वयंपाकघरातून विचारते, किती फूट?
मग दोघंही गप्प.

भिंतीला रंगाचे तीन हात झाले.
रेघ तरी दिसते, दुपारी ऊन तिरपं आलं की,
फरशीपासून पाच फूट एक इंच.
तिनं टेप माझ्या हातातून घेतला,
मुजावरचे तीन फूट, त्यावर पाण्याचे अठ्ठावीस इंच,
बोटांवर बेरीज केली.
"हे रेघेच्या वर जातंय."
तीनच इंच, मी म्हणालो.
"वर जातंय."

इलाहीला फोन केला: स्टँड सहा इंचांनी कमी कर.
मान वाकवून बघावं लागेल, साहेब.
बघू, म्हटलं.

फरशीवर खडूनं चौकट आखून ठेवलीय, सात बाय अडीच.
दोन आठवडे झाले. काच अजून मिरजेहून यायचीय.
पाहुणे बेलाशक त्यातून चालत जातात.
हेमलता चहाचा ट्रे घेऊन
वळसा घालून येते.
काल झाडलोट करताना एक बाजू पुसली गेली,
तिनंच खाली बसून परत ओढली.
सरळ आली नाही.
मी तशीच ठेवली.