दशा

मान खाली घाल, अखिला. उजेडाकडे पाठ कर.
तीन वर्षं पुण्यात इस्त्री फिरवलीस केसांवर,
आता बघ, एकेका केसाला
सापासारख्या दोन-दोन जिभा.
मुठीत धरले तर करकरतात, कडब्यासारखे.

पिन्नी, सीरम लावते की, म्हणतेस.
लाव. चकाकतील दोन दिवस.
तुझे काका मागावर बसायचे,
तुटलेलं सूत चुटकीसरशी सांधायचे,
गाठ कुठे पडली ते चादर पांघरणाऱ्याला
कधी कळलं नाही.
केसाला तशी गाठ नसते गं.
फाटा एकदा फुटला की वर चढत जातो.
त्याच्याही वर, अर्धं पेर, कात्री.
दुसरं काही नाही.

मी परकरात होते तेव्हापासून चादरींच्या दशा वळते.
शंभर नगांचे किती मिळतात ते विचारू नकोस,
पण एवढं कळलंय: टोक मोकळं सोडलं की उसवतं.
रात्री सैल वेणी घालून झोप.
टोकांना करडईचं तेल, दोनच थेंब, तळहातावर चोळून.
ओल्या केसांत फणी नको.
सुकत आले की मोठ्या दातांची घे,
आणि खालचा गुंता आधी.
वरून ओढत आणलास तर तुटणारच.
बोअरच्या पाण्याने न्हालीस तरी
शेवटचा तांब्या नळाचा घे.
निळ्या पिंपात राखून ठेवलंय,
आज पाचवा दिवस.
आणि टॉवेलने खसाखसा पुसू नकोस.

हसतेस काय?
अशोक चौकापासून इथपर्यंत
सगळ्यांची चूल टॉवेलवरच पेटते, मान्य.
बाहेर बोलू नकोस कुठे.
पण केसांना माझं जुनं सुती लुगडं घे,
धुऊन धुऊन साय झालीये त्याची.

कात्री नवी आहे, घाबरू नकोस.
दशांची वेगळी. सुताने धार जाते.

हं, काय म्हणालीस?
साखरपुडा. मग ती नोकरी.
मग फ्लॅटचे भरलेले पैसे, त्याची आई, ती अंगठी,
नाही, अंगठी आधी, नोकरी नंतर…
एरवी म्हटलं असतं,
फाटे फोडू नकोस, मुद्द्याचं बोल.
आज बोल बाई.
फुटतील तितके फुटू देत.
कात्री मी फक्त केसांना लावते.

डावी बाजू झाली.
आता इकडे वळ, आणि…
थांब. ऐक.
नळ फुसफुसला.

ऊठ, ऊठ! मोटर लाव, घागरी काढ,
राजव्वाला भिंतीवरून हाक मार,
ती झोपली असेल!

ओट्यावर तुझे काळे तुकडे
दशांच्या पांढऱ्या कचऱ्यात पडलेत.
उजवीकडे अजून अर्धं पेर जास्त आहे,
आणि तू ओढणी कमरेला खोचून
घागरीमागे घागर लावतेयस.
वाकतेस तेव्हा
दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.