नक्स व्होमिका, म्हणजे दहा के

मगदूम डॉक्टरांनी गावभागातला दवाखाना बंद केला
तेव्हा त्यांचं गोळ्यांचं कपाट मी घेतलं, अठराशेला.
सागवानी. सात ओळी, ओळीत बारा खण,
प्रत्येकावर त्यांच्या हातची निळी शाई.
ती खरवडायला ब्लेड घेऊन बसले
आणि अर्निकाच्या अ वरच हात थांबला.

म्हणून आमच्याकडे अजूनही
नक्स व्होमिका म्हणजे दहा के,
बेलाडोना म्हणजे शंभर नॅनो,
पल्सेटिलात लाल एलईडी,
आणि कुठलाही खण ओढला
की स्पिरिटचा गोडसर वास आधी येतो, सुटा भाग मागून.

बारा खण बघूनच खरं तर मी हरखले होते.
दहा बारा पंधरा अठरा
बावीस सत्तावीस तेहेतीस
एकोणचाळीस सत्तेचाळीस
छप्पन्न अडुसष्ट ब्याऐंशी:
कुठल्याच पाढ्यात न बसणारे हे आकडे
कुणी लहानपणी पाठ करून घेतले असते
तर मीही वर्गात पहिली आले असते.

पहिल्या वर्षी सगळे घेतले, प्रत्येकी शंभर.
पुण्याला रात्रीची एसटी, सकाळी तपकीर गल्ली,
तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांच्या माळा पिशवीत,
वर भाकरीचा डबा.
एकोणचाळीसचे अजून शंभरच आहेत.
सत्तेचाळीस चैत्रात भरले, श्रावणात संपले.
कपॅसिटर तर न वापरताही आतल्या आत सुकतात,
त्यांचा साठा करू नये, हे
दोनशे सुकल्यावर कळलं.

भाऊ म्हणाला, सुनंदा, एवढ्याचं करणार काय?
काय करणार ते ठाऊक असतं
तर यादी केली असती.
ठाऊक नाही, म्हणून साठा.
तो मान हलवून चहा प्यायला.

मग ते साल, जेव्हा आयर्विनच्या पट्टीवर
अख्खं गाव आकडे वाचत होतं
आणि त्या आकड्यांना बाराची मर्यादा नव्हती.
खालच्या तीन ओळी बुडाल्या.
गाळ उपसून रेझिस्टर धुतले,
गच्चीत जुन्या लुगड्यावर वाळवले सांडग्यांसारखे,
संध्याकाळी मीटर लावून एकेक तपासला.
सगळे आपापल्या किमतीला जागले.
आयसींचे पाय मात्र हिरवे पडले होते,
दोन बोटांत धरले की तुटत.
तेव्हापासून खाली ते ठेवते
जे बुडालं तरी चालतं.

पूर ओसरल्यावर डॉक्टर एकदा विचारपूस करायला आले.
बोलता बोलता सवयीनं अर्निकाचा खण ओढला,
तीनशेतीसचा एक तळहातावर घेऊन
खिडकीकडे धरला.
"पॉवर किती याची?"
पाव वॅट, म्हटलं.
"कमी असते तीच लागू पडते," म्हणाले
आणि खण हळूच लावला, आवाज न करता,
पेशंट झोपला असल्यासारखा.

काल रात्री दहाला मागच्या आळीतला तौफिक नदाफ आला.
उद्या शाळेत प्रदर्शन.
"मॅडम, टाकी भरली की वाजायला हवं. वाजत नाही."
कधीपासून?
गरम लागतंय का हाताला?
जळका वास?
माझाच आवाज मला अनोळखी वाटला.
ट्रान्झिस्टर उलटा बसवला होता पोरानं.
दोन नवे दिले, जोडीला एक नक्स व्होमिका,
वहीच्या कागदाची पुडी बांधून.
पैसे? त्यानं खिशात हात घातला.
वाजलं की सांग, म्हटलं.

आज रविवार. पाणी सकाळीच सुटलं.
त्याचा निरोप अजून नाही.
मी सत्तेचाळीसच्या खणात बोट फिरवून बघते, पाच उरलेत,
आणि मागच्या कुठल्याशा गच्चीवरून
टाकी वाहिल्याचा आवाज येतोय,
नुसता पाण्याचा.