अंक बेचाळिसावा

पडणारी मुलगी मी होते.
जुन्या इंदुरात, खासगीवाले काकांच्या माडीवर,
खाटेवर उताणी, हात फाकलेले,
केसांवर टेबलफॅन सोडलेला.
"तोंड उघड. अजून. किंचाळ, पण आवाज नको,
खाली काकू निजल्यात."
एका पोजला एक कचोरी.

एक्केचाळीस अंकांत एक्केचाळीस वेळा
गांधी हॉलच्या घड्याळावरून मी पडले
आणि ठोका विरायच्या आत
अभयंकरानं मला झेललं.
निळा अंगरखा, लाल झूल, छातीवर 'अ'.
शाळेत पोरी विचारायच्या, त्याचे हात कसे असतात गं?
गरम, मी सांगायची.
मला ठाऊक होता तो फक्त पाठीत रुतणारा सुंभ.

एकोणऐंशीत काका गेले.
सियागंजातला छापखाना किलोवर विकला गेला.

गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेचा फोन, हेमांगीचा:
"माडी पाडतायत. ट्रंकेत तुमची चित्रं आहेत.
नेता, की रद्दीत घालू?"
नेली.

पान एक. सराफा आवरलाय,
विझल्या भट्टीला चिकटून कुत्रं झोपलंय.
घड्याळावर तो उकिडवा बसलाय,
माणूस बसत नाही तसा, गुडघे कानांच्या वर.
पान दोन. हाक नाही.
पान तीन. हाक नाही.
शहर सुखरूप. कुणी जळत नाही,
खान नदीत बुडण्यापुरतं पाणी नाही.
त्याच्या गालांची हाडं वर आलीत.
इतक्या वर्षांनी तेव्हा मला कळलं
तो काय खाऊन जगायचा.

पान पाच. बोटं, नुसती बोटं.
कठड्याचा एकेक स्क्रू फिरवताहेत,
झोपलेल्या मुलाच्या सदऱ्याची बटणं काढावीत
इतक्या मायेनं.

मग मी पडते. तो झेलतो.
पण ठेवत नाही.
"खाली ठेव ना," माझ्या फुग्यात,
काकांच्या तिरक्या अक्षरात.
त्याचा फुगा रिकामा.
राजवाडा काडेपेटीएवढा, मग नखाएवढा,
मिलची चिमणी म्हणजे जळून गेलेली काडी,
आणि छातीवरचा तो 'अ'
दर चौकटीत ब्लेडनं जरा जरा खरवडलेला,
शेवटी तिथं कागदालाच भोक.
उरलेलं नाव तुम्हीच वाचा.

एवढं मी सोडून दिलं असतं.
म्हातारा माणूस, ताप, रात्रीचं जागरण.
पण शेवटच्या पानावर मुलीचं तोंड जवळून काढलंय
आणि ते नऊ वर्षांच्या पोरीचं नाही.
हनुवटीवर तीन टाके.
मला ते दोन हजार अकरात पडले, स्कूटर घसरून, पलासियाला.
चष्म्याची डावी काडी दोऱ्यानं बांधलेली.
दोरा हिरवा.
तो मी परवाच गुंडाळला, दुसरा सापडेना म्हणून.

पुढची चौकट कोरी.
कडेला पेन्सिलीनं, चित्रकार स्वतःसाठी लिहितो तसं:
गॅलरी. तिसरा मजला. कुंड्या.

स्कीम अठ्ठ्याहत्तरला राहते मी.
मजला सांगत नाही.
काल कोरफडीच्या कुंडीत एक स्क्रू मिळाला,
गंजलेला नव्हता, तेलानं ओला होता.
रात्री वाळत काही घातलं नव्हतं
तरी दोरीवर काहीतरी फडफडत राहिलं.
लाल असेल. अंधारात लाल काळंच दिसतं.

सकाळी उठून वॉचमनला विचारलं,
तळमजल्याचं भाडं किती?
"नीचे तो सीलन है दीदी," तो म्हणाला,
"दीवार हाथ में आती है."
येऊ दे म्हटलं, भिया.
ओल चालेल.