पाठ

तहसीलच्या लिलावात सुपडू भोईला होडी मिळाली
चौदा हजारांना, इंजिनाशिवाय,
आणि ट्रॅक्टरवर उलटी घालून त्याने ती आणली
माझ्या दुकानी, शहाद्याच्या बायपासला.
मी म्हटलं, दादा, मी कुलरच्या टाक्या करतो.
"टाकीमा पानी मझार ऱ्हास,
हिना बाहेर. फरक काय?"

मग हातोडीच्या दांड्याने
मागची फळी तो वाजवत गेला, कान लावून,
बॅरेज व्हायच्या आधी तापीच्या वाळूत
डांगर वाजवून पाहायचा तसा.
टण. टण. टण.
आणि मधोमध, इंजिन बसतं तिथं,
भद्द.
"इनी पाठ सडी गई, भाऊ."

वरून रंग शाबूत. सरकारी नारिंगी.
ग्राइंडरने साल काढली
तेव्हा आतलं लाकूड चमच्याने निघालं,
काळं, चहाच्या चोथ्यासारखं,
ऐन मे महिन्यात दोन घमेली ओल.
पाणी शिरलं कुठून, तेही सापडलं:
दोन स्क्रूची भोकं.
कोणाच्या तरी शुभहस्ते लोकार्पण झाल्याची पाटी होती तिथं.
पाटी केव्हाच गेली.
होडी पुरात एकदाच उतरली म्हणे,
एक म्हैस आणायला.

रेझिन उन्हाला भितं.
पहिल्या दिवशी मग्यातच तापून दगड झालं,
मग्यासकट फेकलं.
तेव्हापासून पहाटे चार, एक बल्ब,
मी, सुपडू, आणि त्याची सून वैजंता,
औषधाच्या टोपणाने हार्डनर मोजणारी.
नवी फळी, तिच्यावर काचेची चटई, ब्रश, पुन्हा चटई,
बुडबुडा दिसला की अंगठ्याने दाबत काठापर्यंत न्यायचा.
दादर मळताना लागते तशी कूस मनगटांना.
कालवल्यापासून बारा मिनिटं हातात,
त्यात बोलणार काय.
शिकंजे कमी पडले म्हणून ट्रॅक्टरचा जॅक लावला,
जॅकला टेकू माझ्या दुकानाची भिंत.
तडा अजून आहे.

आठव्या दिवशी त्याने परत वाजवली.
टण. टण. टण. टण.
मधोमध थांबून आणखी एकदा, उगाच.

पण इंजिनासाठी चार भोकं पाडावीच लागणार होती.
ड्रिल माझ्या हातात,
आणि सुपडू मान फिरवून उभा,
लेकीचे कान टोचताना बाप उभा राहतो तसा.
प्रत्येक भोकाच्या आतून
वैजंताने करंगळीने रेझिन फिरवलं, दोनदा.
मी विचारलं, नाव काय लावायचं?
लावायचं नाही, ती म्हणाली, रंगाने लिहायचं.
काय ते नंतर पाहू.