बारदाना

रात्री साडेअकराला बिराजदार सरांचा फोन:
सर्व्हर मेला.

मेला नव्हता. दिवे लुकलुकत होते, हिरवे,
पंखा घरघरत होता.
लातुरात, औसा रोडवरच्या ह्या इमारतीत,
जिन्याखालच्या खोलीत तो टक्क जागा होता,
फक्त कुणाला ओ देत नव्हता.

वर तीन मजल्यांवर चाळीस पोरंपोरी
सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून चढवत बसलेली,
सकाळी सातला निकाल, एकोणीस हजार कागद,
आणि प्रत्येक पडद्यावर तेच फिरतं चाक.

आधी डिस्क पाहिली: अर्धी रिकामी.
मेमरी: पडून.
प्रोसेसर हाताची घडी घालून उभा.
केबल बदलली. स्विच बंद करून चालू केला,
सगळेच करतात तसा, श्रद्धेने.
दहा मिनिटं सुरळीत.
मग पुन्हा चाक.

वैजनाथमामा दाराशी स्टुलावर,
आता रात्रीचे वॉचमन, त्याआधी सव्वीस वर्षं मोंढ्यात हमाल.
"माल हाय?" त्यांनी विचारलं.
आहे.
"ठिवायला जागा?"
आहे.
"न्यायला गाडी?"
आहे की मामा, उभी आहे.
"मंग बारदाना सरला असंल, बाई.
तुरीच्या टायमाला आमचा काटा असाच बंद पडायचा.
पोती न्हाईत म्हणून ढिगावर बसून ऱ्हायचं, दोन दोन दिस."

मी हसले.
मग हसू अर्ध्यात थांबलं.

एक ओळ टाइप केली.
नेटवर्कचे बफर: नेमून दिले तेवढे सगळे बाहेर.
नाकारलेल्या मागण्या: एकेचाळीस हजार तीनशे सात.
बघेपर्यंत, नऊ.

इथून निघणारी प्रत्येक फाईल पोत्यात भरून जाते,
दोन किलोबाइटचं एकेक पोतं.
तिकडे माल उतरला, पोच आली,
की रिकामं पोतं घडी होऊन परत.
हा हिशोब मला कॉलेजात शिकवला होता,
पोत्यांशिवाय.

मर्यादा दुप्पट केली.
चाकं थांबली, जिन्यातून टाळ्या खाली आल्या.
"नवी मागवलीस व्हय?" मामा म्हणाले.
"अन् जुनी कुठं गेली?"

जुनी.
चालू जोडण्यांची यादी उलगडत गेले,
एकच पत्ता, पुन्हा पुन्हा तोच:
खोली चार, खिडकीजवळचं यंत्र.
तीनशे बारा जोडण्या, प्रत्येकीची रांग काठोकाठ.
मागितलेलं घेत नव्हतं,
नको असंही म्हणत नव्हतं.

वर गेले.
खुर्ची मागे ढकललेली. चहावर साय.
खुर्चीच्या पाठीला डबा, न उघडलेला.
सुरवसेची जागा.
शेजारची मुलगी हळूच म्हणाली,
नऊला निलंग्याहून फोन आला त्याला. वडील.
बसला होता तसाच उठला.

पडद्यावर त्याने मागवलेल्या उत्तरपत्रिका,
छोटे छोटे चौकोन, वरचे भरलेले,
खालचे नुसते करडे,
अजून वाट बघत.

त्याचं अर्धं काम जपून ठेवलं,
नाव दिलं: सुरवसे, राहिलेलं.
मग यंत्र बंद केलं.
खाली येईपर्यंत आकडा उतरला होता,
पोती परतत होती, शेकड्याने,
आणि मामा भिंतीला डोकं टेकून घोरत होते.

पहाटे साडेचारला मेसेज:
मॅडम, माझा पीसी चालूच राहिला वाटतं.

मी लिहिलं, बंद केला.
मग बराच वेळ काही सुचेना.
काम ठेवलंय, लिहिलं.
घाई नाही.