वॉलमन

स्टाफरूममध्ये डबे उघडताना
डाकवाले बाईंनी सहज विचारलं,
"तुमच्यात म्हणजे नेमकं काय असतं हो?
तुम्ही तर चांगलं मराठी बोलता, उपासही धरता..."
मी म्हटलं, रोजे म्हणतात त्यांना,
आणि दोडक्याची भाजी पुढे सरकवली.
बाकीचं घरी येताना सुचलं, टेम्पोत.

अब्बा, यासीनखाँ,
होळकरांच्या तोफा ओढायला आलेल्या कुणाचे तरी पणतू,
नगर निगमात वॉलमन होते.
पहाटे अजानीच्याही आधी
खांद्यावर लोखंडी चावी टाकून निघायचे.
नर्मदा जलूदहून घाट चढून इंदुरात येते
ती इथपर्यंत मशिनींच्या जोरावर;
शेवटचे नऊ फेरे अब्बांच्या मनगटाचे.

पाच गल्ल्या, प्रत्येकीला पाऊण तास.
शाळेच्या निबंधात मी लिहिलं होतं,
पाच गल्ल्या म्हणजे पाच नमाजा.
अब्बांनी वाचलं, म्हणाले,
"निगमनं सहावी जोडून दिली तर काय करशील?"

फज्र वॉलच्या खड्ड्यापाशीच, पोतं अंथरून.
कपाळ टेकलं की खालून
पाणी धावताना ऐकू येतं, सांगायचे.
अल्लाह ऐकू येतो
असं कधी म्हणाले नाहीत.

एकदा कुणीतरी अर्ज दिला:
यासीन आपल्या लोकांना जास्त सोडतो.
साहेबांनी खुलासा मागितला.
अब्बांनी कोरा कागद घडी करून खिशात ठेवला
आणि दुसऱ्या दिवसापासून
आमची गल्ली शेवटची.
त्या रमजानात सहरीला
वॉलमनच्याच घरी रांजण खडखडीत.
अम्मी भांडी आपटायची,
"सगळ्या शहराचा हिशेब तुम्हालाच द्यायचाय का वर?"
अब्बा एका तांब्यात वजू करायचे,
आणि थोडं पाणी
तांब्यात उरलेलंच असायचं.

ते गेले तेव्हा मे महिना, टाकी तळाला.
आत पुरुष जमलेले, फळी मांडलेली,
मी अंगणात रिकाम्या बादल्यांजवळ.
भर अकराला नळ खाकरला.
आधी हवा,
मग गढूळ,
मग नितळ.
नवा वॉलमन, दुब्यांचा लोकेश,
आमचा नंबर नसताना
कुणाला न विचारता चावी फिरवून गेला होता.
गल्लीभर हंडे धावले,
रडायला आलेल्या बायकासुद्धा
पदर खोचून उठल्या.

डाकवाले बाई, खरं सांगू?
मला दुःख नाही झालं तेव्हा. भीती वाटली,
अब्बा आतून विचारतील,
"आत्ता पाणी कुणाच्या वाट्याचं?"

तिसरी बादली भरली
आणि मी तोटी घट्ट पिळली.