वर काय आहे

एकोणीस वर्षं मी लोकांना दीपगृहाच्या फाटकाशी सोडतो
आणि सुरूखाली रिक्षा लावून झोपतो.
दाभोळची मशीद, फेरीबोट, गोपाळगड, टाळकेश्वर, दीपगृह,
येऊन-जाऊन नऊशे.
कुणी विचारलं, वर काय आहे हो परकार,
तर म्हणायचो, व्ह्यू एक नंबर.
खोटं बोललास म्हणून अजून कुणी भांडायला आलं नाही.

निमकरबाई मिरजेच्या. सगळी नोकरी ट्रेझरीत.
मशिदीत घुमटाकडं बघायच्या आधी
चपला कुठं काढल्या ते बघून ठेवलं.
फेरीबोटीवर पाच रुपये सुटे परत आले, ते वहीत लिहिले.
किल्ल्यात तोफ नाही, आंब्याची कलमं आहेत,
हेही लिहिलं, आणि पुढं बारीक अक्षरात: मोहोर कमी.

फाटकाशी मात्र गुडघ्यांनी साथ सोडली.
तिकीट काढून झालेलं. दहा रुपये.
पायरीवर बसल्या, घाम पुसला.
"वाया नाही घालवायचं. तू जा.
बघून ये आणि मला नीट सांग. अंदाजपंचे नको."
"आमचं रोजचंच आहे हो बाई."
"मग तर सांगायला सोपं."

पायऱ्या मोजत निघालो. एकोणसत्तरला
एक पोरगी घाबरून उलटी उतरत होती,
तिला वाट देताना आकडा सांडला.
शेवटी लोखंडी शिडी. दारातून वाकून बाहेर आलो
आणि वाऱ्यानं टोपी नेली.

आता, मी या खाडीच्या काठावर जन्मलेला माणूस.
तरी अंगठा पुढं धरला तर नखाखाली सगळं झाकलं गेलं:
शाळा, बर्फाचा कारखाना, अब्बांची कबर,
ज्या पतपेढीत माझे हप्ते थकलेत ती पतपेढी.
वीज कंपनीच्या चिमण्या तेवढ्या बाहेर राहिल्या.
फेरीबोट हलताना दिसली नाही,
थोड्या वेळानं बघितलं तर ती दुसरीकडं होती.
खाडीच्या तोंडाशी पांढरी रेघ, पाणी पाण्यावर आपटतं तिथं.
आणि खाली सुरूपाशी माझी रिक्षा, टपावर ठिगळ.
ठिगळ एवढं मोठं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मग पश्चिम.
तिकडं काहीच नव्हतं.
त्या काहीच-नाहीच्या पार, मस्कतला,
माझा भाऊ क्रेनच्या डब्यात बसतो, दिवसभर.
लघवीला उतरायचं तर वीस मिनिटं जातात म्हणतो.
फोनवर मी विचारतो, पगार झाला का.
तुला तिथून काय दिसतं, हे एकदाही विचारलेलं नाही.

खाली आलो तर वही उघडीच.
"उत्तर?"
"खाडी, दाभोळ. घुमट वाटाण्याएवढा."
"दक्षिण?"
"गुहागरचा किनारा. सुरूची काळी रेघ."
"होड्या?"
"सात. आठवी बहुतेक खडक."
"पश्चिम?"
मी करवंदीच्या जाळीत टोपी शोधायला लागलो.
"काही नाही, बाई."
त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
पश्चिम, असं लिहिलं,
पुढची ओळ कोरी ठेवली आणि पान उलटलं.

शेवटच्या फेरीनं परतलो.
मागं दिवा फिरायला लागला होता,
पण त्याचं आमच्याशी काही काम नव्हतं,
त्याचं सगळं समुद्राशी.
भाड्यात बाईंनी पन्नास जास्त धरले,
हिशेबाच्या पानावर लिहिलं: चढण.
मी नको म्हणालो नाही.

काल पुण्याची पाच पोरं आली.
वर काय आहे, काका?
नेहमीचं वाक्य जिभेवर आलं होतं.
म्हणालो, तिकीट दहा रुपये.
टोपी असेल तर माझ्याकडं देऊन जा.